प्रकल्प नोंदी : ‘झाउंड्ज’ या उद्गाराची टीप

४ जून २०२४

आमच्या वाचनगटाने यंदा शेक्सपिअरच्या ‘चौथा हेन्री’ या नाटकाचा पहिला भाग मूळ इंग्रजीतून मोठ्याने वाचायचे ठरवले आहे, आणि वाचणाऱ्यांच्या हाती देण्यासाठी एक छोटी मराठी टीपपुस्तिका तयार करायची आहे. कामाच्या वाटणीत उद्गारवाचक शब्द माझ्या वाट्याला आले. ते सर्वांनी हसत माझ्याकडे ढकलले, कारण वरवर पाहता त्यात काही नाही. जिथे उद्गारचिन्ह दिसेल तिथे ‘अरे’, ‘अहो’, ‘छे’ यांपैकी एखादे लिहावे आणि मोकळे व्हावे. आज एका बैठकीत अठ्ठावीस कार्डे केली. पहिलेच कार्ड ‘झाउंड्ज’चे आहे. घरातल्या जुन्या इंग्रजी-मराठी कोशात पाहिले, ‘अरेच्चा! (आश्चर्य अथवा क्रोध दर्शवणारा जुना शब्द)’ एवढेच होते. तेच उतरवून घेतले आणि कार्ड ‘पूर्ण’च्या गठ्ठ्यात ठेवले.

७ जून

कार्ड ‘पूर्ण’च्या गठ्ठ्यातून परत काढावे लागले. गटातल्या एका तरुण सभासदाने कार्डे चाळताना विचारले, “ताई, एखादा माणूस ‘अरेच्चा’ म्हणाला, तर समोरचा त्याला ‘अहो, शपथा वाहू नका’ असे का म्हणेल?” तो ‘तिसरा रिचर्ड’ वाचत होता आणि त्यातली एक जागा त्याला अडली होती.

ती जागा अशी आहे. रिचर्डला गादी हवी आहे, पण ती लोकांनी आग्रह करून आपल्या गळ्यात घातली असे दिसायला हवे आहे. म्हणून तो दोन धर्मगुरूंच्या मधोमध प्रार्थनेचे पुस्तक हातात घेऊन उभा राहतो, आणि त्याचा साथीदार बकिंगहॅम लंडनचा महापौर व नागरिक यांना घेऊन विनवण्या करायला येतो. रिचर्ड पुन्हा पुन्हा नाही म्हणतो. शेवटी बकिंगहॅम वैतागाचे सोंग करून म्हणतो, चला नागरिकहो, झाउंड्ज, मी आता आणखी विनवणार नाही. त्यावर रिचर्ड अतिशय सोवळ्या स्वरात उत्तरतो, बकिंगहॅमसाहेब, शपथा वाहू नका हो. सख्ख्या भावाला मारेकऱ्यांकरवी संपवलेला आणि त्याच दिवशी हेस्टिंग्जचे डोके उडवायला लावलेला हा माणूस एका शब्दाने दुखावला जातो, हा त्यातला विनोद आहे. ‘अरेच्चा’ लिहिले की तो विनोद मरतो. म्हणजे कोशाने मला शब्दाचा सूर सांगितला आणि अर्थ खिशातच ठेवला. कार्डावर लाल शाईने फुली मारली.

१० जून

व्युत्पत्ती लिहून काढली. मूळ शब्दप्रयोग ‘गॉड्स वून्ड्ज’, म्हणजे देवाच्या जखमा, आणि पूर्ण अर्थ ‘देवाच्या जखमांची आण’. इथे देव म्हणजे येशू ख्रिस्त, आणि जखमा म्हणजे क्रुसावर दोन हात, दोन पाय आणि कूस या ठिकाणी झालेल्या पाच जखमा. बोलताना ‘गॉड’ हा भाग गिळला गेला आणि मागे उरला तो फक्त षष्ठीचा प्रत्यय, ज्याचा उच्चार त्या ठिकाणी ‘झ’च्या जवळचा होतो. तो प्रत्यय पुढच्या शब्दाला चिकटला, ‘व’ही निघून गेला, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘झाउंड्ज’ हा अखंड शब्द नाटकांत सर्रास दिसू लागला. मधल्या पायरीवरचे ‘स्वून्ड्ज’ हे रूप ‘हॅम्लेट’मध्ये आहे.

ही केवळ उच्चाराची झीज नव्हे. देवाचे नाव मुद्दाम गिळायचे, म्हणजे नाव घेतल्याचे पाप लागत नाही आणि शपथेचा जोर मात्र मिळतो, अशी ही पळवाट आहे. तिच्या भावंडांची रांगच आहे : देवाच्या रक्तावरून ‘स्ब्लड’, देवाच्या मरणावरून ‘स्डेथ’, देवाच्या पापणीवरून ‘स्लिड’, देवाच्या नखांवरून किंवा खिळ्यांवरून ‘स्नेल्स’. इंग्रजीत नख आणि खिळा यांना एकच शब्द असल्याने शेवटच्या शपथेत नेमके काय अभिप्रेत आहे ते बोलणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसावे.

पाच जखमा हा त्या काळच्या माणसाला पुस्तकी विषय नव्हता. १५३६ साली उत्तर इंग्लंडात आठव्या हेन्रीच्या धर्मविषयक धोरणाविरुद्ध जो मोठा उठाव झाला, त्यातल्या लोकांनी निशाणावर याच पाच जखमांचे चित्र घेतले होते. ज्याच्या आजोबांनी असे निशाण पाहिले असेल, त्याला ‘झाउंड्ज’मधल्या जखमा ऐकू येत असणार.

१३ जून

देवाच्या अवयवांची शपथ एवढी आक्षेपार्ह का, हे टिपेत एका वाक्यात तरी सांगावे लागेल, कारण मराठी वाचकाला ते आपोआप कळणार नाही. आपल्याकडे ‘देवा!’, ‘अरे रामा’, ‘शिव शिव’ हे उद्गार दिवसभर चालतात आणि त्यांत पाप तर नाहीच, उलट नामस्मरण घडले असे मानणारेही आहेत. आपल्याकडे दोष लागतो तो खोट्या शपथेचा.

मध्ययुगीन इंग्लंडातली कल्पना वेगळी होती. अशी प्रत्येक शपथ म्हणजे ख्रिस्ताच्या देहावर नवा वार, असे धर्मोपदेशक सांगत. चौदाव्या शतकाच्या शेवटी चॉसरने आपल्या पापक्षमापत्रे विकणाऱ्या पात्राच्या तोंडी हेच घातले आहे : दारुडे आणि जुगारी अशा शपथा वाहतात की आपल्या प्रभूचा देह ते फाडून काढतात. तो उपदेशक स्वतः डुकराची हाडे पवित्र अवशेष म्हणून खपवतो, ही चॉसरची खोडी. बकिंगहॅमशरमधल्या ब्रॉटन गावच्या, आता मिल्टन कीन्स शहरात आलेल्या, चर्चच्या भिंतीवर याच कल्पनेचे पंधराव्या शतकातले चित्र आहे. मध्ये मेरीच्या मांडीवर ख्रिस्ताचा मृतदेह आहे, आणि भोवती झकपक कपड्यांतले तरुण त्याच देहाचे तुकडे हातात घेऊन उभे आहेत. ज्याने ज्या अवयवाची शपथ वाहिली, तो अवयव त्याने तोडून नेला. हे चित्र एकदा पाहिल्यावर ‘अरेच्चा’ लिहिण्याचा धीर कुणालाही होणार नाही.

१४ जून

टिपेत ‘शपथ’ की ‘शिवी’, यावर दीड तास गेला. इंग्रजीत आण घेणे आणि अपशब्द उच्चारणे या दोहोंना एकच क्रियापद आहे, आणि ‘झाउंड्ज’ नेमका त्या जोडावर बसलेला आहे. मराठीत ही दोन घरे वेगळी आहेत. शपथेत पुन्हा ‘घेणे’, ‘घालणे’, ‘वाहणे’, ‘खाणे’ असे भेद, आणि लहान मुलांत तर घातलेली शपथ ‘सुटली’ म्हणवून घेण्याचा स्वतंत्र विधी. ‘शपथ’ एवढेच लिहिले तर वाचकाला न्यायालय दिसते. ‘शिवी’ लिहिले तर समोरच्याला हिणवले असे वाटते, आणि ‘झाउंड्ज’ने कुणालाच हिणवले जात नाही. तूर्त ‘शपथवजा उद्गार’ असे लिहिले आहे. शब्द रुक्ष आहे. अजून बरा सापडलेला नाही.

१८ जून

आज कायद्याचा भाग. पहिल्या जेम्सच्या कारकिर्दीत २७ मे १६०६ रोजी नटांच्या गैरवर्तनाला आळा घालणारा कायदा झाला. कोणत्याही नाटकात, खेळात वा मिरवणुकीच्या सोंगात देवाचे, येशू ख्रिस्ताचे, पवित्र आत्म्याचे किंवा त्रैक्याचे नाव थट्टेने अथवा अनादराने घेतल्यास प्रत्येक अपराधाला दहा पौंड दंड, आणि त्यातली निम्मी रक्कम राजाला व निम्मी दावा लावणाऱ्याला. या दुसऱ्या निम्म्यात कायद्याची खरी ताकद होती, कारण त्यामुळे पिटात उभा असलेला कोणताही प्रेक्षक कान टवकारून बसायला मोकळा झाला. पिटात उभे राहायला एक पेनी पडे. पौंडाला २४० पेन्यांच्या हिशेबाने एक दंड म्हणजे २४०० उभ्या प्रेक्षकांचे पैसे. नाटकमंडळीने नाटककाराच्या संहितेवर काट मारली असेल, तर ती भक्तिभावापेक्षा या हिशेबाने मारली, असे माझे मत आहे.

कायदा रंगमंचावरच्या बोलण्यापुरता होता, छापील पुस्तकाला तो लागू नव्हता. तरीही छापील प्रतींत त्याची सावली दिसते, आणि आमच्या कामाला तीच उपयोगाची आहे. शेक्सपिअरची अनेक नाटके प्रथम सुटी, लहान आकाराच्या क्वार्टो प्रतींत निघाली, आणि १६२३ साली, त्याच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, छत्तीस नाटकांचा मोठा फोलिओ ग्रंथ निघाला. दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या की कुठे काय गळले ते डोळ्यांना दिसते.

‘ऑथेल्लो’ची क्वार्टो १६२२ची, म्हणजे फोलिओच्या केवळ एक वर्ष आधीची, आणि तिच्यातल्या पन्नासाहून अधिक शपथा फोलिओत नाहीत किंवा मवाळ झाल्या आहेत. क्वार्टोत इयागोचा, म्हणजे सेनापती ऑथेल्लोच्या हाताखालच्या कपटी अधिकाऱ्याचा, पहिलाच शब्द ‘स्ब्लड’ आहे. फोलिओत तो ‘पण तुम्ही माझे ऐकूनच घेत नाही’ अशी सभ्य सुरुवात करतो. मध्यरात्री ब्रबान्शिओच्या, म्हणजे ऑथेल्लोच्या सासऱ्याच्या, खिडकीखाली तो ओरडतो, ‘झाउंड्ज साहेब, तुम्हाला लुटले’. फोलिओत ‘साहेब, तुम्हाला लुटले’. त्याच प्रवेशात पुढे तो म्हणतो, झाउंड्ज, सैतानाने सांगितले म्हणून देवाची सेवा न करणाऱ्यांपैकी तुम्ही आहात. देवाच्या सेवेवरच्या या वाक्याआधी देवाच्या जखमांची शपथ होती, ती काढली आणि वाक्याची धार बोथट झाली.

१९ जून

कालच्या नोंदीत एक जागा राहिली, तिच्यासाठी वेगळी नोंद करते. तिसऱ्या अंकात इयागो ऑथेल्लोच्या मनात संशय कालवत असतो आणि मुद्दाम अडखळून म्हणतो की माझ्या मनातले विचार तुम्हाला कळावेत, हे तुमच्या मनःशांतीसाठी बरे नाही आणि माझ्या माणुसकीला व शहाणपणाला शोभणारे नाही. क्वार्टोत यावर ऑथेल्लो फक्त एक शब्द उच्चारतो : ‘झाउंड्ज’. फोलिओत त्या जागी ‘तुला म्हणायचे काय आहे?’ असा प्रश्न आहे.

तोवर हा सेनापती भारदस्त बोलतो. रात्रीच्या दंग्यात त्याचा तोल एकदा किंचित ढळतो तेव्हाही क्वार्टोत हाच शब्द त्याच्या तोंडी येतो, आणि फोलिओत नाही. आणि आता, संशयाचा पहिला घोट घशाखाली उतरताना, त्याच्या तोंडून इयागोचा शब्द निघतो. पुढे काय होणार ते या एका अक्षरात आहे. फोलिओतला प्रश्न चुकीचा नाही, पण तो कुणीही विचारला असता. उद्गारांचे काम ‘यात काही नाही’ म्हणून माझ्याकडे आले होते, हे मला आज बऱ्याच वेळा आठवले.

२४ जून

स्वतःची चूक नोंदवते. पुस्तिकेच्या मसुद्यात मी ठसक्यात लिहिले होते की १६२३च्या फोलिओत ‘झाउंड्ज’ सापडत नाही. आज ‘राजा जॉन’ चाळताना तो समोर उभा राहिला. ॲन्जर्स शहरासमोर दोन राजांचे सैन्य उभे असते, शहराचा प्रतिनिधी तटावरून लांबलचक, गडगडाटी भाषण करतो, आणि फॉल्कनब्रिज हा अनौरस राजपुत्र कान झटकत म्हणतो : झाउंड्ज! माझ्या भावाच्या बापाला पहिल्यांदा ‘बाबा’ म्हटले तेव्हापासून शब्दांचा एवढा मार मी कधी खाल्ला नव्हता. या नाटकाची फोलिओखेरीज दुसरी प्रतच नाही, म्हणजे हा शब्द फोलिओतच आहे. काट सगळीकडे सारखी मारलेली नव्हती. ‘सापडत नाही’ खोडून ‘बहुतेक ठिकाणी गळला आहे’ असे केले. सरसकट विधान लिहिताना हात जरा थांबायला हवा होता.

२७ जून

आता आमचे नाटक. ‘चौथा हेन्री’च्या पहिल्या भागाची क्वार्टो १५९८ची, म्हणजे कायद्याच्या आठ वर्षे आधीची, आणि तिच्यात हा शब्द मोकळेपणाने येतो. गटाने क्वार्टोवर आधारलेली प्रत वाचायला घेतली आहे, हे बरे झाले.

हॉट्स्पर, म्हणजे तापट तरुण सरदार हेन्री पर्सी, रागाने म्हणतो, झाउंड्ज, मी त्याच्याविषयी बोलणारच; फोलिओत ‘होय, मी बोलणारच’. लठ्ठ म्हातारा सरदार फॉल्स्टाफ वाटमारीला निघालेला, प्रवासी जास्त आहेत हे ऐकून म्हणतो, झाउंड्ज, तेच आपल्याला लुटणार नाहीत ना? आणि खोटे पकडले गेल्यावर तोच म्हणतो, झाउंड्ज, माझे हात मागे बांधून दोराने टांगले तरी सक्तीखाली मी कारण सांगायचा नाही. एकच शब्द तरुण सरदाराच्या तोंडी तापलेला आहे, आणि लठ्ठ म्हाताऱ्याच्या तोंडी कधी भीती झाकतो, कधी उसनी शूरता पुरवतो. मराठी प्रतिशब्द एकच ठरवायचा, हा माझा मूळ बेतच त्यामुळे कोलमडला.

शपथांवरचे खरे भाष्य मात्र तिसऱ्या अंकात वेल्समधल्या प्रवेशात आहे. हॉट्स्पर बायकोला गाणे म्हणायला सांगतो, आणि ती ‘खरंच नाही हं’ अशा अर्थाचे काहीतरी मिळमिळीत बोलून नकार देते. त्यावर तो उखडतो : तू तर हलवेवाल्याच्या बायकोसारखी शपथ घेतेस! केट, तू सरदारीण आहेस, तोंड भरेल अशी दणदणीत शपथ घे. हे ‘खरंच’ वगैरे आल्याच्या पावासारखे बोलणे रविवारी नटूनथटून निघणाऱ्या पेठेतल्या मंडळींना सोडून दे. इथे ज्याला मी हलवा म्हटले तो बियांवर साखरेचे थर चढवून केलेला पदार्थ आहे. संक्रांतीचा काटेरी हलवा ज्यांनी घरी मंद आचेवर बोटे भाजत केला आहे, त्यांना तो लगेच ओळखू येईल, आणि असला नेमका शब्द हाती असताना ‘मिठाईवाला’ लिहिणे मला पटले नाही.

या प्रवेशाने एक गोष्ट स्पष्ट केली. शपथ किती जड, यावरून माणसाची जात ओळखली जाई. जड शपथ ही सरदाराची आणि शिपाईगड्याची ऐट होती, आणि जपून बोलणे हे दुकानदार वर्गाचे, धर्मभीरू नागरिकांचे लक्षण. १६०६चा कायदा झाला तेव्हा या दुसऱ्या वर्गाची सरशी होऊ लागली होती.

२ जुलै

मराठी प्रतिशब्दांची बैठक झाली. सर्वांनी आपापल्या घरातले उद्गार आणायचे, असे ठरले होते, आणि ज्येष्ठ मंडळींनी अनपेक्षित उत्साह दाखवला.

सर्वांत जवळची जोडी निघाली ती ‘शिंच्या’ची. कोकणातल्या एका सभासदांचे आजोबा स्नानसंध्येत चुकत नसत, आणि घरातल्या मांजरापासून जावयापर्यंत सर्वांना ‘शिंच्या’ म्हणत. हे ‘शिंदळीच्या’ या अस्सल शिवीचे झिजलेले रूप आहे, हे त्यांना कुणी सांगितले असते, तर त्यांनी सांगणाऱ्यालाच ‘शिंच्या’ म्हटले असते. तसेच ‘च्यायला’. ‘तुझ्या आईला’ या अर्धवट सोडलेल्या वाक्याचे आधीचे टोक गिळले गेले, मागे नुसती शेपटी उरली, आणि आता ती चहा सांडल्यावरही निघते. पुढचा भाग गिळून मागचा ठेवणे, हा व्यवहार ‘झाउंड्ज’शी हुबेहूब जुळतो. फरक एवढाच की आपली झीज आईवरून झाली आहे आणि त्यांची देवावरून, आणि हा फरक लहान नाही.

दुसऱ्या बाजूने ‘आईशप्पथ’ आले. गळ्याची कातडी चिमटीत धरून ‘आईशप्पथ’ म्हणणाऱ्या मुलाला तिच्यातली आई अजून दिसते. खोटे बोललो तर आईला काही होईल अशी धास्ती त्या चिमटीत असते. पण सिनेमातली मारामारी पाहून ‘आईशप्पथ!’ म्हणणाऱ्या महाविद्यालयीन मुलाला ती दिसत नाही. एकाच गावात, एकाच पिढीत शब्दाच्या या दोन अवस्था नांदतात. १६००च्या लंडनमध्येही असेच असले पाहिजे : पाद्र्याला जखमा ऐकू येत, फॉल्स्टाफला येत नसत.

बेल-भंडार उचलून घेतलेल्या आणेचाही विषय निघाला. जड शपथेचे वजन दाखवायला ते योग्य आहे, पण ती विचारपूर्वक केलेली कृती आहे, तोंडातून निसटलेला शब्द नव्हे, म्हणून बाजूला ठेवले. पुस्तिकेत ‘च्यायला’ छापायचे की नाही यावर थोडी कुजबुज झाली. म्हणजे दंड कुणी मागणार नसला तरी कात्री आमच्याही हातात आहे. शेवटी छापायचे ठरले.

५ जुलै

उच्चार. वाचनात हा शब्द मोठ्याने म्हणायचा असल्याने हा प्रश्न टाळता येत नाही. आज ‘झाउंड्ज’ असा उच्चार रूढ आहे. ‘झून्ड्ज’ हाही ऐकू येतो आणि ‘वून्ड’ या जखमेच्या आजच्या उच्चाराशी तोच जुळतो. हा घोळ जुना आहे. १६९९ साली छापलेल्या जॉर्ज फारकरच्या एका सुखात्मिकेत एक पात्र बजावते की ‘झून्स’ म्हणणारे ते नोकरी सुटलेले लष्करी अंमलदार आणि गुंड. नखरेबाज तरुण ‘झॉन्स’ म्हणतात. ज्या शब्दात देवाच्या जखमा होत्या, त्याच्या उच्चाराची फॅशन निघाली, यावरून शंभर वर्षांत तो किती हलका झाला हे समजते. आम्ही ‘झाउंड्ज’ घेतला. वाचणाऱ्यांसाठी कार्डावर सूचना लिहिली : झ ‘झाडा’तला, ‘झेंड्या’तला नव्हे, आणि शेवटचा ज ‘वीज’मधला.

८ जुलै

शब्द हलका कसा झाला, याची एक फार चांगली नोंद सापडली. नाटकांवर नजर ठेवणारा राजाचा अधिकारी सर हेन्री हर्बर्ट याने विल्यम डॅव्हनंटच्या एका नाटकातल्या शपथांवर काट मारली होती. नाटककाराची बाजू चार्ल्स राजाच्या कानी गेली आणि जानेवारी १६३४ मध्ये राजाने स्वतः ती प्रत घेऊन हर्बर्टबरोबर तपासली. ‘फेथ’, ‘डेथ’, ‘स्लाइट’ हे शब्द शपथा नसून नुसती ठासून बोलण्याची रीत आहे, असा राजाने निर्वाळा दिला. हर्बर्टने दप्तरात लिहून ठेवले की धन्याच्या मतापुढे मी नम्रपणे मान तुकवतो, तरी माझ्या समजुतीने त्या शपथाच आहेत, आणि माझे मत व माझी शरणागती दोन्ही कळावीत म्हणून इथे नोंदवतो.

कचेरीत ज्यांनी वरिष्ठांच्या शेऱ्याखाली कधी आपला शेरा लिहिला आहे, त्यांना हा माणूस जवळचा वाटेल. आणि मुद्दाही तोच आहे : एका मेजाच्या दोन बाजूंना बसलेल्या दोन माणसांत एकाला ‘डेथ’मध्ये देवाचे मरण ऐकू येत होते, दुसऱ्याला नव्हते.

११ जुलै

पुढचा इतिहास टिपेत दोन ओळींत आवरायचा आहे. १७७५ साली रंगभूमीवर आलेल्या शेरिडनच्या ‘द रायव्हल्स’मध्ये ‘झाउंड्ज’ हा तापट बापाचा शब्द आहे : सर अँथनी मुलाला सुनावतो की झाउंड्ज, मी ठरवीन तेवढी ती मुलगी कुरूप असेल, दोन्ही खांद्यांवर कुबड असेल तिच्या. प्रेक्षक हसतात, कुणी दुखावत नाही. त्याच नाटकातला बॉब एकर्स हा खेडवळ जमीनदार प्रसंगाला शोभेल अशी नवी शपथ घडवतो, चाबूक-चाकांची, बंदुकीच्या चापांची, आणि वर सांगतो की चांगले चांगले शब्दही जुने होतात, ‘डॅम’चे दिवस संपले. (‘डॅम’च्या बाबतीत त्याचा अंदाज साफ चुकला.) त्यानंतर हा शब्द ऐतिहासिक कादंबऱ्यांतल्या तलवारबहाद्दरांकडे गेला, आणि आज इंग्रजीत तो कुणी म्हणालाच तर थट्टेने, जुन्या काळाचे सोंग म्हणून म्हणतो.

१५ जुलै

टीप अंतिम केली. छपाईला जाणारा मजकूर असा :

‘झाउंड्ज : “देवाच्या जखमांची आण” या शपथेचे झिजलेले रूप, जखमा म्हणजे क्रुसावरील ख्रिस्ताच्या पाच जखमा. राग, भीती, वैताग किंवा ठासून बोलणे दर्शवतो. कुणाला उद्देशून शिवी नाही. या नाटकाच्या काळी सरदार व शिपाई यांच्या तोंडी सहज येई, पण धर्मशील माणसाला खटके. १६०६च्या कायद्याने रंगमंचावर देवाचे नाव अनादराने घेण्यास दंड ठरला, आणि १६२३च्या प्रतीत तो बहुतेक ठिकाणी गाळलेला वा बदललेला आहे. झिजण्याची रीत मराठी “शिंच्या”, “च्यायला” यांच्यासारखी. मात्र तिथे मूळ शिवीचे आहे, इथे शपथेचे. हॉट्स्परच्या तोंडी जड वाचावा, फॉल्स्टाफच्या तोंडी हलका.’

‘शपथवजा उद्गार’ हा शब्द शेवटी वापरावा लागला नाही, याचा आनंद आहे.

२० जुलै

ग्रंथालयाच्या वरच्या दालनात पहिली तालीम झाली. श्रूजबरीच्या लढाईत फॉल्स्टाफ मेल्याचे सोंग घेऊन पडतो, तिथे आमचे फॉल्स्टाफ, निवृत्त बँक अधिकारी, खुर्च्यांच्या दोन रांगांमधल्या सतरंजीवर चष्म्यासकट आडवे झाले. हॉट्स्पर शेजारी मरून पडलेला होता. सगळे गेल्यावर त्यांनी एक डोळा उघडला, गुडघा धरत उठले, शेजारच्या प्रेताकडे पाहिले आणि पुस्तिकेत न बघता म्हणाले, झाउंड्ज, मेला तरी या दारूगोळा पर्सीची मला भीतीच वाटते. झ अगदी ‘झाडा’तला होता. सतरंजीवर मेलेल्या हॉट्स्परला हसू आवरले नाही, त्यामुळे तो भाग पुन्हा घ्यावा लागला.

कार्ड आता खरोखर ‘पूर्ण’च्या गठ्ठ्यात आहे. दुसऱ्या कार्डावर ‘मॅरी’ लिहिले आहे, आणि कोशात त्यापुढे ‘बरे!’ एवढेच आहे.